उतावळ्यांच्या यादीतली सुप्रीता

गुंडोराव मोहिते मास्तरांनी पहिल्याच दिवशी शाल्मलीला बसायला सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर त्यांनी आपली छत्री ठेवली, दुसरीवर जेवणाचा डबा, आणि शिक्षण खात्याचं पत्र चष्मा पुसून सावकाश वाचायला घेतलं. शाल्मली पिशवी सावरत उभी राहिली.

१९९६ सालचा जुलै होता. यशवंतपूरच्या मार्केट यार्डामागच्या त्या कन्नड माध्यमाच्या शाळेत मास्तर तीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवत होते. त्यांचं घराणं बंगलोरात तीनशे वर्षांचं. बाहेर कन्नड, घरात मराठी. शाल्मलीला पुण्याहून येऊन चार वर्षं झाली होती. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत होता. ती एका बी.एड. कॉलेजात शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. शाळेत मराठी बोलणारे मास्तर आहेत हे कळल्यावर तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं दहा मिनिटं टिकलं.

"कशावर संशोधन म्हणून लिहिलंय हे?" मास्तरांनी विचारलं.

"मुलांची विचार करण्याची ढब आणि त्यांची गणिती साक्षरता. या दोन्हींचा संबंध काय, ते बघायचंय."

"अक्षरं आली की साक्षर. गणिताला कसली साक्षरता?"

"पुस्तकातलं गणित सोडवता येणं वेगळं, सर, आणि रोजच्या कामात ते वापरता येणं वेगळं. बसचं वेळापत्रक वाचणं, टाकी किती वेळात भरेल याचा अंदाज करणं..."

"आणि ढब?"

"काही मुलं पटकन उत्तर देतात आणि चुकतात. काही थांबतात, पडताळून बघतात, मग बोलतात. पहिल्यांना आम्ही उतावळी म्हणतो, दुसऱ्यांना विचारी."

"माझ्या क्लासात तसलं काही नाही. गणित येणारी आहेत आणि न येणारी आहेत म्हणून दोनच."

"'म्हणून' तिथे लागत नाही, सर," शाल्मली म्हणाली.

बोलून गेली. घरात भावजयीला, कॉलेजात विद्यार्थिनींना सुधारायची तिला सवय होती, आणि ती सवय तिला कधी वाईट वाटली नव्हती.

मास्तरांनी पत्राची घडी घातली. "आमच्या घरात लागतं," ते म्हणाले. "तीनशे वर्षं लागतंय. आता तुम्ही पुण्याहून आलात म्हणून काढून टाकू काय?"

त्यानंतर दोघांचं कधीच जमलं नाही.

चाचण्या घेण्याआधी तिला नववीचा वर्ग नुसता बघायचा होता. ती मागच्या बाकावर वही घेऊन बसायची. मास्तर तासाची पहिली वीस मिनिटं तोंडी गणितं घ्यायचे. एक मूल उठवायचं, "सतरा गुणिले आठ" म्हणायचं आणि टेबलावर डस्टर आपटत मोजायचं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." पाचापर्यंत उत्तर आलं तर बसायचं. नाही आलं तर तास संपेपर्यंत उभं राहायचं. बासष्ट मुलांच्या वर्गात रोज पंधरा-वीस उभी असायची. त्यात खिडकीपाशी, दोन वेण्या घातलेली सुप्रीता महेंद्रकर चारही दिवस होती.

चौथ्या दिवशी तास सुटल्यावर शाल्मलीने मास्तरांना दारातच गाठलं. "त्या खिडकीजवळच्या मुलीला उत्तर येत होतं. तुम्ही पुढे गेल्यावर तिने ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. मी बघितलं."

"पाचानंतर म्हटलं."

"म्हणजे तिला येतं!"

"पाचानंतर आलेलं उत्तर मी ऐकत नाही. परीक्षेत पण कोणी ऐकत नाही." त्यांनी डस्टर कपाटात टाकला. "तुम्ही तुमचं काम करा, बाई. माझ्या क्लासात माणसं मोजायला आलात, मला नको."

शाल्मलीने त्या दिवशी आपल्या वहीत लिहिलं, ‘शिक्षक वेगालाच बुद्धी समजतात. अत्यंत उद्धट.’ शेवटच्या दोन शब्दांचा संशोधनाशी काही संबंध नव्हता, तरी तिने ते खोडले नाहीत.

ऑगस्टमध्ये तिने चाचण्या घेतल्या. विचारांच्या ढबीची चाचणी चित्रांची होती. वर एक चित्र, जहाज किंवा पान किंवा झगा, आणि खाली तसलीच सहा. सहांतलं एकच वरच्याशी तंतोतंत जुळणारं, बाकीच्यांत कुठे शिडाची दोरी कमी, कुठे पानाची शीर जास्त. मुलाने बोट ठेवून दाखवायचं. पहिलं बोट किती सेकंदांनी पडलं आणि किती वेळा चुकलं, एवढंच लिहायचं. लवकर बोट ठेवून खूप चुकणारी उतावळी. उशिरा ठेवून कमी चुकणारी विचारी. प्रयोगशाळेत एकेक मूल बोलावून, समोर बसवून, हातात स्टॉपवॉच घेऊन तिने बासष्टजणांची चाचणी आठवडाभरात उरकली.

सुप्रीता आली तशी खुर्चीच्या टोकावर बसली. शाल्मलीने मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, मग मुलगी घरी मराठी बोलते हे कळल्यावर मराठीत सांगितलं, "सगळी चित्रं नीट बघ हं. घाई नाही."

तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं. चित्र पुरतं टेबलावर टेकायच्या आत सुप्रीताने बोट ठेवलं. चूक. दुसरं, तेही चूक. बारा चित्रांपैकी नऊ ठिकाणी पहिलं बोट चुकलं, आणि एकाही चित्राला तिने चार सेकंदांच्या वर घेतले नाहीत. शाल्मलीला नवल वाटलं. वर्गात इतकी हळू असणारी ही मुलगी! पण आकडे समोर होते. तिने लिहिलं, ‘उतावळी’, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

गणिती साक्षरतेचा पेपर चाळीस मिनिटांचा होता. पंधरा प्रश्न, सगळे रोजच्या जगण्यातले. त्या तासाला वर्गावर लक्ष ठेवायला मास्तरच होते. दर पाच मिनिटांनी उरलेला वेळ ते मोठ्याने सांगत होते. सुप्रीताला पंधरापैकी चार मिळाले.

जानेवारीत तक्ते तयार झाले. बासष्टांपैकी चोवीस उतावळी, आणि त्यांतल्या एकोणीस जणांना साक्षरतेत पाचाच्या खाली. तिने वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत जे लिहिलं होतं, ते यशवंतपुरात जसंच्या तसं निघालं होतं. तिचे गाइड तक्ता बघून खूश झाले.

शाळेचे हेडमास्तर वासुदेवमूर्ती यांनी एक दिवस तिला बोलावून कॉफी दिली आणि इंग्रजीत विचारलं, "आमच्या शाळेचं काय निघालं? कोणती मुलं कच्ची आहेत, ते कळलं तर आम्हालाही उपयोग होईल."

मुलांची नावं शाळेला द्यायची नाहीत, हे गाइडनी तिला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. तिला ते आठवत होतं. पण त्याच सकाळी जिन्यात मास्तर एका शिक्षकाला कन्नडमध्ये म्हणाले होते, "आल्या बघा घड्याळवाल्या बाई," आणि दोघं हसले होते. तिने एकोणीस नावं टाइप करून, विद्यापीठाचा शिक्का मारून दिली. खाली एक ओळ घातली, की इतकी मुलं उतावळी निघाली, याला वर्गात शिकवण्याची पद्धत कारण असू शकते. ती ओळ हेडमास्तरांनी वाचावी, मास्तरांना खोलीत बोलावून जाब विचारावा, असं तिच्या मनात होतं. ते तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. तेव्हा नाही.

शिक्षकांच्या बैठकीला तिलाही बोलावलं. हेडमास्तरांनी एकोणीस नावं कन्नडमध्ये मोठ्याने वाचली. खालची ओळ वाचली नाही.

"सुप्रीता महेंद्रकर" आलं तेव्हा गुंडोराव मास्तर हसले. हसतच ते मराठीत बोलले, म्हणजे खोलीत फक्त शाल्मलीलाच कळावं असं. "सुप्रीता उतावळी? त्या मुलीला पेन्सिल तासायला अर्धा पिरियड लागतो. उतावळी म्हणे!"

"चाचणीत जे आलं ते लिहिलंय, सर."

"मग चाचणी चुकली."

"तीस देशांत वापरलेली चाचणी आहे ती. तुम्हाला पटली नाही म्हणून ती चुकत नाही."

"तीस देशांतली लेकरं मला माहीत नाहीत. ही माहीत आहे. जूनपासून रोज माझ्यासमोर उभी आहे." हसणं थांबलं होतं. "चुकीच्या खान्यात टाकलीस तू तिला."

‘तू’ ऐकून शाल्मलीचे कान तापले. "तुमच्या पद्धतीचं पितळ उघडं पडतंय म्हणून तुम्हाला त्रास होतोय," ती म्हणाली. मास्तरांनी मान दुसरीकडे फिरवली.

पितळ वगैरे काही उघडं पडलं नाही. हेडमास्तरांना दहावीच्या निकालाची टक्केवारी वाढवायची होती, आणि त्यांच्या हातात आता विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद होता. फेब्रुवारीत एकोणीस घरी पत्रं गेली. तुमचं मूल उतावळ्या बुद्धीचं आहे, गणितात निभाव लागणार नाही, मार्चनंतर टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन जावं.

शाल्मलीला हे कळलं ते सुप्रीताच्या आईकडून. श्यामला महेंद्रकर तिच्या कॉलेजच्या फाटकापाशी उभी होती. चाळिशीची बाई, ब्लाउजच्या काठाला टोचलेल्या दोन सुया, हातात ते पत्र.

"तुम्हीच काय ती मॅडम?"

"कोण आपण?"

"सुप्रीताची आई. उतावळी म्हणजे काय ते सांगा मला. कन्नडमध्ये लिहिलंय, मी तीन जणांना वाचायला लावलं. एक म्हणाला अर्धवट, एक म्हणाला डोक्यात बिघाड. काय लिहिलंय तुम्ही माझ्या मुलीला?"

"तसं काही नाही हो त्याचा अर्थ. आणि हे पत्र मी लिहिलेलं नाही..."

"नाव तुम्ही दिलं की नाही?"

शाल्मलीने मान वळवली. आजूबाजूला तिच्या विद्यार्थिनी घुटमळत होत्या.

"दिलं की नाही? होय तर होय सांगा, नाही तर नाही सांगा!"

"दिलं."

"मग चला. उतावळी बघा चला."

शाल्मली गेली, कारण तिला त्या फाटकापाशी आणखी उभं राहायचं नव्हतं. रिक्षात श्यामला तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

महेंद्रकरांचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन आणि जमिनीवर अंथरलेली चटई. भावसारांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम. सुप्रीता चटईवर बसली होती आणि तिच्यापुढे फुलाफुलांचं कापड पसरलं होतं. शाल्मलीला बघून ती उठली नाही, नमस्कारही केला नाही.

"कर तू तुझं," आई म्हणाली.

गिऱ्हाइकाने ब्लाउजचं कापड कमी आणलं होतं. सुप्रीताने बाहीचा, पाठीचा, पुढच्या भागाचा कागद कापडावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. एक बाही उलटी करून बघितली, मान हलवली, परत घेतली. गुडघ्यावर हनुवटी टेकून ती नुसतं कापडाकडे बघत बसली. शाल्मलीच्या मनगटावरच्या घड्याळात बावीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात सुप्रीताने खडूची एकसुद्धा रेघ मारली नव्हती. मग तिने पाठीचा कागद तिरका न करता काठाशी सरकवला, कमरेची पट्टी दोन तुकड्यांत घेतली, खडू घेतला, रेघा मारल्या आणि कापलं. चिंधी उरली ती चार बोटांची.

"पेपरात कापडाचा एक प्रश्न होता," शाल्मली हळूच म्हणाली. "आठवतो? शंभर सेंटिमीटर लांब, नव्वद रुंद कापड. चाळीस बाय तीसचे रुमाल किती निघतील? तू सहा लिहिलंस. मी ते चूक धरलं. काही तुकडे फिरवून ठेवले तर सात बसतात."

"बसतात की," सुप्रीता म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "पण कापड कसलं ते लिहिलंच नव्हतं, मिस. साधं असलं तर सात. असं फुलांचं, फुलं एकाच बाजूला बघणारी असली, तर तुकडा फिरवता येत नाही. मग सहाच."

शाल्मलीने कापडावरच्या फुलांकडे बघितलं. तो प्रश्न तिने स्वतः तयार केला होता.

"हे लिहायचं ना मग."

"मास्तर ओरडले, पाचच मिनिटं राहिली म्हणून. दोन्ही लिहायला कुठे वेळ होता?"

"आणि चित्रं? तिथे तर मी सांगितलं होतं, घाई नाही."

सुप्रीताने चिंध्या गोळा केल्या. "तुमच्या हातात घड्याळ होतं की. घाई नाही म्हणालात आणि ते टिक केलंत. मला वाटलं पाचापर्यंत सांगायचं, नाही तर तुम्ही पण उभं करणार. पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं." तिने कात्री मिटवली. "सगळ्यांनीच तसं केलं, मिस. बाहेर आलं की सांगत होतो एकमेकांना. पटकन बोट ठेव, मोजतायत म्हणून."

श्यामला दारात हात बांधून उभी होती. "बघितलं? आता जावा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाल्मली स्टाफरूममध्ये गेली. मास्तर डबा उघडत होते.

"तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं," ती म्हणाली. "सुप्रीता उतावळी नाही."

"मला माहीत होतं. सांगायला एवढं लांब येण्याची गरज नव्हती."

"पण ती चुकली तुमच्यामुळे. तुमच्या त्या पाच आकड्यांमुळे. घड्याळ बघितलं की ही मुलं घाबरतात. जे येतंय तेही विसरतात. माझी चाचणी मुलांचा स्वभाव मोजत नव्हती, तुमची भीती मोजत होती!"

मास्तरांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. "ही मुलं उद्या आयटीआयच्या परीक्षेला बसतात. पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या फॅक्टऱ्यांत चाचणी देतात. तिथे एक तास म्हणजे एक तास. विचार करतोय, स्वल्प थांबा म्हटलं तर कोण थांबतं? तुमच्या पुण्यातली मुलं एकदा चुकली तर दुसरं कॉलेज बघतात. यांना दुसरं नाही. म्हणून मोजतो. पुढे पण मोजणार."

"त्याने काय होतंय ते दिसलं ना तुम्हाला?"

"मी तीस वर्षं उभं केलं. एकाला पण शाळेतून काढलं नाही." त्यांचा आवाज चढला तसे दोन शिक्षक वळून बघायला लागले. "तुम्ही एका कागदावर एकोणीस काढली. त्या कागदाची माझी प्रत मी हेडमास्तरांना परत केली, यादी चुकीची आहे म्हणून वर लिहून. विद्यापीठाचा शिक्का आहे, तुम्हाला काय कळतं, असं म्हणाले मला. मला! आता शिक्का तुमचा, कागद तुमचा. मी सांगून रद्द होत नाही तो."

"माझ्याबरोबर हेडमास्तरांकडे चला."

"तुमच्याबरोबर? कशाला? नावं द्यायला जाताना मला विचारलं होतं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि न जेवताच वर्गावर निघून गेले.

शाल्मलीचा राग दोन दिवस गेला नाही, आणि त्यातला अर्धा स्वतःवर होता हे तिला कळत होतं. पण एका मुलीच्या सांगण्यावर काही ठरवता येत नव्हतं. शाळेत पुन्हा चाचणी घ्यायला हेडमास्तरांनी साफ नकार दिला. तेव्हा ती परत महेंद्रकरांकडे गेली आणि पुढची खोली दोन रविवार मागितली.

"माझ्या मुलीचं नाव त्यातून निघालं पाहिजे," श्यामला म्हणाली. "बाकी तुमचं काय ते मला नको." चहा तिने विचारला नाही.

यादीतली अकरा मुलं आली. शाल्मलीने चित्रांचा दुसरा संच आणला होता. या वेळी स्टॉपवॉच चटईखाली ठेवलं, त्याचा आवाज मशीनच्या आवाजात बुडाला, आणि तिने मुलांना सांगितलं की दुपारपर्यंत बसलात तरी चालेल. मुलं बसली. एका चित्राला सुप्रीताने दीड मिनिट घेतलं आणि बारांत एकच चूक केली. अकरांपैकी सात मुलं उतावळी उरली नाहीत.

गाइडनी तो कागद बघून टेबलावर उलटा ठेवला. "ही अकरा मुलं वगळ," ते म्हणाले. "बाकीच्यांवर काम उभं राहतं. निष्कर्ष बदलत नाही."

"पण सर, घड्याळ सगळ्यांच्याच समोर होतं. यांना भीती वाटली तर बाकीच्यांना वाटली नसेल कशावरून?"

"कशावरूनच नाही. पण तुला कोणी विचारणार नाही."

"मला एका माणसाने विचारलंय, भर बैठकीत."

"कोणी?"

तिने नाव सांगितलं नाही. गाइड म्हणाले, "आठ महिन्यांचं काम आहे. फेकून दिलंस तर नवीन शाळा, नवीन परवानगी, नवीन मुलं. दोन वर्षं जातील. आणि मी तुझ्यासाठी पुन्हा सही करेन असं समजू नकोस."

त्यांनी पुन्हा सही केलीही नाही. शाल्मलीला पुढे दुसरा गाइड शोधावा लागला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने हेडमास्तरांच्या हातात पत्र ठेवलं. यादी सदोष चाचणीवरून केली आहे, ती मी मागे घेते, तिच्या आधारावर एकाही मुलाला काढू नये. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवली आहे. वासुदेवमूर्तींनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"तुम्ही माझ्या शाळेची थट्टा केलीत," ते म्हणाले. "आधी यादी दिलीत, आता ही खोटी म्हणता. वरून वरिष्ठांकडे तक्रार."

"तक्रार माझ्याविरुद्धच आहे, सर. चूक मी लिहून दिलीय."

"या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही."

ती निघाली. व्हरांड्यात नववीच्या वर्गावरून जावं लागत होतं. आतून डस्टर आपटल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी तिला खिडकीतून बघितलं, मोजता मोजता थांबले नाहीत.

शिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळेला विचारणा झाली तेव्हा चौदा मुलं दहावीत गेली. पाच जणांच्या घरच्यांनी तोवर टीसी नेली होती. त्यांपैकी दोघींचे पत्ते शाल्मलीने काढले. एक घर बंद होतं, कुटुंब तुमकूरकडे गेलं म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलं. दुसरी मुलगी घरीच अगरबत्त्या वळायला बसली होती. तिच्या वडिलांनी शाल्मलीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तेव्हा डोकं कमी म्हणून सांगितलंत, आता आहे म्हणून सांगताय," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आमचं काय, तुम्ही सांगाल तसं वागायचं काय?" आणि दार लावून घेतलं. ती पुन्हा एकदा गेली. तेव्हा दार उघडलंच नाही.

श्यामलाकडे ती पत्राची प्रत द्यायला गेली होती. श्यामलाने ती उंबऱ्यातच घेतली, घडी करून कमरेला खोचली. "सरी," ठीक आहे, एवढंच कन्नडमध्ये म्हणाली. आतून मशीनचा आवाज येत होता. सुप्रीता बाहेर आली नाही.

शाल्मलीने बंगलोरातल्याच शिवाजीनगरच्या एका शाळेत पहिल्यापासून सुरुवात केली. प्रश्नपत्रिका नव्याने लिहिली. कापडाचा प्रश्न तीनदा बदलला आणि शेवटी ‘उत्तर का, ते लिहा’ अशी जागा प्रत्येक प्रश्नाखाली सोडली. चाचणीआधी ती मुलांमध्ये आठवडाभर नुसती बसायची. या वेळी आकडे सुबक आले नाहीत. सावकाश विचार करणाऱ्यांची साक्षरता थोडी बरी निघाली, पण पुस्तकांत म्हटलं होतं तितकी नाही, आणि अपवाद ढीगभर. नवीन गाइड म्हणाले, निष्कर्ष कमजोर आहे. ती म्हणाली, आहे तसाच आहे.

१९९८च्या मेअखेर तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. निळी शाई, ताठ मोठं अक्षर.

‘सुप्रीता महेंद्रकर दहावी पास. गणितात सत्तेचाळीस. शेवटचा प्रश्न वेळ संपला म्हणून राहिला, नाही तर पंचावन्न होते. बाकी तेरांत तीन नापास. यात तुमचं काही नाही. तुम्हाला कळवा म्हणून मुलीने सांगितलं, म्हणून कळवतो. गुंडोराव मोहिते.’

शाल्मलीने ते उभ्या-उभ्या वाचलं. ‘यात तुमचं काही नाही’ या वाक्याने तिचं डोकं फिरलं. शेवटचा प्रश्न का राहिला, तेरांतले तीन का पडले, याचं उत्तर या माणसाला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तरी तो लिहिणार नाही. तिने कार्ड काढलं, लगेच लिहायला घेतलं, ‘वेळ संपला म्हणून राहिला हे तुम्हीच लिहिलंत...’ आणि फाडलं. दुसरं घेतलं. त्यावर टीसी नेलेल्या पाच मुलांबद्दल लिहायला लागली. दोन ओळींत हात थांबला.

तिसऱ्या कार्डावर तिने लिहिलं, ‘पत्र मिळालं. सुप्रीताला माझं अभिनंदन कळवावं.’ पत्ता घातला, खाली सही केली. सहीखाली त्या पाच जणांबद्दल आणखी एक ओळ मावेल एवढी जागा होती. ती तिने मोकळीच ठेवली आणि कार्ड पेटीत टाकायला खाली उतरली.